शेवटच्या तासाचा हिशेब

जुलैचा शेवटचा आठवडा आला की चोपडा, अमळनेर, शिंदखेडा, साक्री अशा तालुक्यांच्या गावी सेवा केंद्रांपुढे गर्दी उसळते. टेबलावर आधार कार्डाच्या झेरॉक्स, सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र यांचे गठ्ठे असतात. बाजूला अंगठा घ्यायचं यंत्र असतं आणि संगणकाच्या पडद्यावर एक गोल नुसता फिरत असतो. ‘भाऊ, सर्व्हर डाऊन शे, दुपारले या,’ असं केंद्रचालक सांगतो. दुपारी तेच उत्तर मिळतं, संध्याकाळीही तेच. मग तो मध्यरात्रीनंतर गठ्ठे उपसायला बसतो, कारण साईट तेव्हाच जरा हलते. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की पाऊस लांबला तसा सर्व्हर डाऊन झाला, असं आपण एका दमात बोलून जातो. या दोन गोष्टी एका पारड्यात घालणं मला मान्य नाही. पाऊस किती पडेल हे कुणाच्या हाती नसतं. पीक विम्याच्या साईटवर कोणत्या तारखेला, कोणत्या तासात किती लोक येतील, हे मात्र आधी काढता येतं. सरकारी योजनेइतकी पूर्वसूचना देऊन येणारी गर्दी इंटरनेटवर दुसरी सापडणार नाही. मुदत सरकारच ठरवतं, पात्रतेच्या अटी सरकारच घालतं, खातेदारांची यादी तलाठ्याच्या दप्तरात असते आणि मागच्या हंगामाच्या नोंदी त्याच सर्व्हरवर पडून असतात. एवढं हाताशी असताना यंत्रणा कोलमडत असेल, तर हिशेब कुठे चुकतो ते शोधायला हवं.

तो चुकतो सरासरीपाशी. खरीप २०२३ पासून महाराष्ट्रानं एका रुपयात पीक विमा सुरू केला आणि त्या पहिल्याच हंगामात १ कोटी ७० लाखांच्या आसपास अर्ज आले. मुदत ३१ जुलैची होती, ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. १ जुलैपासूनचे ३४ दिवस धरले तर रोजचे ५ लाख अर्ज होतात. कामाचे बारा तास धरले तर सेकंदाला साधारण १२ अर्ज. हा आकडा पाहून कोणत्याही अधिकाऱ्याला वाटेल की यात अवघड ते काय, साधी यंत्रणासुद्धा एवढं काम सहज करील. पण शेतकरी ३४ दिवसांत समान वाटून येत नाही. आता काही गोष्टी गृहीत धरू. एकूण अर्जांपैकी पाचवा हिस्सा शेवटच्या दिवशी आला, आणि त्या दिवसातला पंधरा टक्के भार सर्वांत गर्दीच्या एका तासात पडला. म्हणजे त्या दिवशी ३४ लाख अर्ज, त्या तासात ५ लाख १० हजार आणि सेकंदाला सुमारे १४२. सरासरीच्या बारा पट! मी घेतलेली प्रमाणं थोडी इकडेतिकडे होतील, शेवटच्या दिवसाला पाचवा हिस्सा न येता आठवा येईल. पण पटीतलं हे अंतर त्यानं मिटत नाही. शिवाय विम्याचं हे राष्ट्रीय पोर्टल एकट्या महाराष्ट्राचं नाही. ३१ जुलै ही तारीख इतर अनेक राज्यांतल्या खरिपालाही असते, त्यामुळे शिरपूरच्या शेतकऱ्याच्या रांगेत सीमेपलीकडचा मध्य प्रदेशातला शेतकरीही उभा असतो, फक्त एकमेकांना ते दिसत नाहीत.

पुढची चूक अर्ज मोजण्यातच आहे, कारण सर्व्हरला अर्ज ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतात त्या विनंत्या. पान उघडलं ही एक विनंती, जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी आली ही दुसरी, गट नंबर टाकून सातबारा ओढला ही आणखी एक, मग खाते क्रमांकाची पडताळणी, कागद चढवणं, पैसे भरणं, पावती. एका अर्जामागे अशा किती विनंत्या असतात याचा एक जाहीर दाखला आपल्याकडे आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ वर्षांवरच्यांसाठी कोविन पोर्टलवर नोंदणी खुली झाली. पहिल्या तीन तासांत ८० लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि तेवढ्याच वेळात यंत्रणेला ३८ कोटी ३० लाख विनंत्या आल्या, असं केंद्र सरकारनंच जाहीर केलं. सुरुवातीला हा वेग मिनिटाला २७ लाख विनंत्यांचा होता. भागाकार केला तर एका नोंदणीमागे जवळपास ४८ विनंत्या पडतात. त्यांत पुन्हापुन्हा प्रयत्न करणारेही आले, आणि ते मोजायलाच हवेत, कारण सर्व्हरला पहिला प्रयत्न आणि पाचवा प्रयत्न सारखाच. विमा अर्जाला आपण ४० धरू. म्हणजे त्या कळीच्या तासात सेकंदाला ५,७०० विनंत्या. चाचणीत एक सर्व्हर समाधानकारक वेगात सेकंदाला २०० विनंत्या पुऱ्या करतो असं दिसलं, तर वरवर २९ सर्व्हर पुरतील असं वाटतं. पण कोणतंही यंत्र शंभर टक्के भरून चालवायचं नसतं. साठ टक्क्यांवर ठेवायचं म्हटलं तर ४८ लागतील, आणि त्यांतले काही ऐन वेळी बंद पडतील म्हणून वर थोडे राखीव.

साठच टक्के का, हे समजायला खानदेशी माणसाला कापसाच्या हंगामातला वजनकाटा पुरेसा आहे. एका गाडीचं वजन व्हायला सरासरी तीन मिनिटं लागत असतील आणि गाड्या आपल्या सोयीनं, अनियमित येत असतील, तर काटा निम्मा वेळ गुंतलेला असताना गाडीवाल्याचे वाट पाहण्यासकट सहा मिनिटं जातात. काटा ८० टक्के वेळ गुंतला की पंधरा मिनिटं, ९० टक्क्यांना अर्धा तास आणि ९५ टक्क्यांना एक तास. गाड्या थोड्याच वाढल्या, तरी थांबणं अनेक पटींनी वाढलं. हा रांगांच्या शास्त्रातला जुना नियम आहे. डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञानं १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कॉलच्या निमित्तानं या शास्त्राचा पाया घातला. सर्व्हर बिघडायला सुरुवात याच वळणावर होते. तो एकदम मरत नाही, आधी मंदावतो, आणि मंदावणं हाच नवा भार बनतो. सेकंदाला १४२ अर्ज सुरू होत असतील आणि एक अर्ज भरायला पंधरा मिनिटं लागत असतील, तर एका वेळी यंत्रणेत सुमारे १ लाख २८ हजार अर्ज अर्धवट अवस्थेत असतात. साईट मंदावून तेच काम अर्ध्या तासाचं झालं, की एकही नवा शेतकरी न वाढता ही संख्या २ लाख ५६ हजारांवर जाते. प्रत्येक अर्धवट अर्ज स्मृतीत जागा अडवतो, डेटाबेसचा धागा धरून ठेवतो. त्यात केंद्रचालक कंटाळून पान पुन्हा उघडतो, शेजारी दुसरी खिडकी उघडतो. दोष त्याचा नाही. समोर वीस माणसं उभी असतात आणि अर्जामागे त्याला विमा कंपनीकडून मिळतात ४० रुपये.

इथवरचा हिशेब एकाच प्रकारच्या सर्व्हरचा झाला. खरी यंत्रणा साखळीची असते आणि साखळीतल्या सगळ्या कड्या एका खात्याच्या मालकीच्या नसतात. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत हे लख्ख दिसलं. १८ सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं ती सक्तीची झाली, मुदत दोन महिन्यांची होती. लाभार्थी २ कोटी ४० लाखांच्या घरात. साठ दिवसांनी भागलं तर दिवसाला ४ लाख, म्हणजे कागदावर पुन्हा एकदा सोपं काम. पण प्रत्येक महिलेला स्वतःच्या आधारचा ओटीपी आणि शिवाय पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी द्यायचा होता. म्हणजे सगळं पहिल्याच फटक्यात जमलं तरी ४ कोटी ८० लाख ओटीपी. ओटीपी म्हणजे राज्याच्या पोर्टलवरून आधार प्राधिकरणाकडे गेलेली विनंती, तिथून संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेकडे, तिथून मोबाईल कंपनीकडे आणि तिथून यावलच्या सातपुड्याकडच्या एखाद्या पाड्यावर, जिथे रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं. ओटीपी न येण्याच्या, आलेला चालत नसल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. अशा पाच कड्या असतील आणि प्रत्येक कडी १०० पैकी ९९ वेळा नीट चालत असेल, तर अख्खी साखळी ९५ वेळाच चालते. प्रत्येक कडी ९५ टक्क्यांवर आली की साखळी ७७ टक्क्यांवर येते. जवळजवळ चौथा माणूस परत जातो आणि पुन्हा रांगेत येतो. पोर्टलचे सर्व्हर दुप्पट करून हे सुटत नाही, कारण अडलेली कडी दुसरीकडेच असते. म्हणून क्षमतेचा अंदाज काढताना पहिला प्रश्न ‘किती सर्व्हर घ्यायचे’ हा नसावा. सर्वांत अरुंद जागा कुठली, हे आधी विचारावं.

याच्या उलट टोकाचं, म्हणजे खरोखर सोपं असलेलं काम आपण कसं बिघडवतो याचं उदाहरण दहावीच्या निकालाचं. नाशिक विभागीय मंडळात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे येतात आणि निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता या चारही जिल्ह्यांतलं प्रत्येक दहावीचं घर मोबाईलवर एकच पान उघडत असतं. १६ जुलै २०२१ रोजी, कोविडमुळे परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तेव्हा मंडळाच्या साईट कित्येक तास ठप्प होत्या. पावणेसोळा लाखांच्या आसपास मुलं उत्तीर्ण झाली होती आणि त्यांना ते कळायला संध्याकाळ व्हावी लागली. आता हा निकाल वस्तू म्हणून किती मोठा आहे ते पाहा. एका विद्यार्थ्याचे गुण म्हणजे फार तर दोन किलोबाइट मजकूर. सोळा लाख मुलांचा मिळून सव्वातीन जीबी, म्हणजे साध्या पेनड्राइव्हवर मावेल एवढा. तो एकदा छापला की बदलत नाही. कुणी त्यात काही लिहीत नाही, ओटीपी लागत नाही, पैसे भरायचे नसतात. असा मजकूर आदल्या रात्री तयार पानांच्या रूपात देशभरातल्या वितरण सर्व्हरवर ठेवला तर एक वाजता डेटाबेसला हात लावायचीही गरज पडत नाही. प्रत्येक बैठक क्रमांकासाठी डेटाबेसला नव्यानं प्रश्न विचारायचा, ही रचनेतली चूक आहे. आता डिजिलॉकरसारखे आणखी दरवाजे निकालाला मिळाले आहेत, हे योग्यच झालं. मुद्दा असा की क्षमता वाढवण्याआधी काम कमी करता येतं का ते पाहावं, आणि बहुतेक वेळा ते येतं.

यावर पहिला आक्षेप पैशांचा. वर्षातले दोन दिवस गर्दी होते, त्यासाठी बारा महिने एवढी यंत्रं पोसायची का? सरकारनं स्वतःच्या खोलीत यंत्रं विकत घेऊन मांडायच्या काळात हा आक्षेप बिनतोड होता. आता यंत्रं तासावर भाड्यानं मिळतात. केंद्राचा ‘मेघराज’ हा क्लाऊड २०१४ पासून आहे आणि महाराष्ट्रानं २०१८ मध्ये स्वतःचं सार्वजनिक क्लाऊड धोरण जाहीर केलं. पण क्लाऊडवर नेलं की प्रश्न मिटला, ही समजूत मला तितकीच धोक्याची वाटते. पानं दाखवणारे सर्व्हर पाचाचे पन्नास करता येतात. ज्या एका डेटाबेसमध्ये ते सगळे लिहितात, तो तसा वाढत नाही. पन्नास सर्व्हर मिळून त्याच्यावर तुटून पडले तर तो आधीपेक्षा लवकर बसतो. आणि आपोआप वाढणाऱ्या यंत्रणेलाही वाढायला काही मिनिटं लागतात, गर्दी मात्र घड्याळाच्या ठोक्याला येते. आपल्याला तारीख आधीच ठाऊक असते, तर ३० जुलैच्या संध्याकाळी यंत्रं वाढवून ठेवायला कुणाची आडकाठी आहे?

दुसरा आक्षेप जास्त वेळा ऐकू येतो आणि तो मला जास्त खटकतो: लोक शेवटच्या दिवशी येतात, त्याला सरकार काय करणार? खानदेशात जुलैमध्ये काय घडतं ते पाहिलं की याचं उत्तर मिळतं. पाऊस लांबला तर पेरणी लांबते, दुबार पेरणीची पाळी येते, आणि पेरलं काय हे ठरल्याशिवाय पेरणीचं स्वयंघोषणापत्र कसं देणार? कापूस लावायचा की मका, हे पावसाच्या खंडावर बदलतं. बागायतीला पाणी द्यायचं तर कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. माणूस त्या वेळापत्रकाला बांधलेला. सातबाऱ्यावर वारसनोंद राहिलेली, बँक खातं आधारला न जोडलेलं, असं काहीतरी पहिल्या खेपेला निघतं आणि दुसरी खेप शेवटच्या आठवड्यात जाते. शेवटच्या दिवसाची गर्दी आळसातून येत नाही, शेतीच्या क्रमातून येते. आणि ती आळसातून येते असं क्षणभर मानलं, तरी ती दरवर्षी येते. दरवर्षी पूर येणाऱ्या नदीवर पूल बांधताना पाण्याला दोष देत नाहीत.

तिसरं म्हणणं असं की मुदतवाढ मिळतेच, मग एवढं काय बिघडलं? पीक विम्याला २०२३ मध्ये वाढ मिळाली, पुढच्या वर्षी मिळाली, २०२५ मध्येही मिळाली. हमीभावानं कापूस विकायला भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची होती, तिची २०२५ ची ३० सप्टेंबरची मुदत आधी ३१ ऑक्टोबर झाली, पुढे आणखी लांबली. मुदतवाढ मिळाली की त्या दिवसाचा राग निवळतो, खरं. पण ती ऐन शेवटच्या संध्याकाळी जाहीर होते, तोवर शेतकऱ्यानं मजुरी बुडवून दोन खेपा घातलेल्या असतात आणि केंद्रचालकानं रात्री जागवलेल्या असतात. हा खर्च सर्व्हरच्या भाड्यात कुठेच दिसत नाही, कारण तो सरकारच्या खिशातून जात नाही. दुसरं नुकसान अधिक खोल आहे. पुढच्या वर्षी प्रत्येकजण गृहीत धरतो की तारीख वाढणार, त्यामुळे गर्दी आणखी शेवटाकडे सरकते. आणि अंदाज चुकला होता याची नोंदच होत नाही; कागदोपत्री योजना मुदतीत पूर्ण झालेली असते.

मग करायचं काय? भार विभागणं हा अर्धा उपाय आहे, आणि भुसावळच्या प्रवाशाला तो रोज दिसतो. तत्काळ तिकिटांची खिडकी वातानुकूलित डब्यांसाठी दहाला आणि इतर डब्यांसाठी अकराला उघडते. ही विभागणी २०१५ मध्ये झाली आणि एका शिखराची दोन लहान शिखरं झाली. त्याच रेल्वेनं २०१४ मध्ये नव्या यंत्रणेवर जाऊन मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेली होती. म्हणजे क्षमता वाढवणं आणि वेळ वाटणं ही दोन्ही कामं बरोबर चालू शकतात. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आणखी एक चांगली कल्पना आहे: बांधावर रेंज नसली तरी फोटो आणि माहिती मोबाईलमध्ये साठवायची आणि नेटवर्क आल्यावर पाठवायची. त्या ॲपच्या बाकी तक्रारी काहीही असोत, ही कल्पना विमा अर्जाला लावून पाहण्यासारखी आहे. आज अर्ज भरतानाच सातबारा, आधार, बँक सगळी पडताळणी होते आणि यांतली एक कडी अडली की अर्ज अडतो. त्याऐवजी अर्ज आधी स्वीकारावा, त्यावर वेळेची नोंद पडावी, तीच मुदतीसाठी ग्राह्य धरावी आणि पडताळणी पुढच्या आठ-दहा दिवसांत रात्रंदिवस सावकाश व्हावी. मग त्या कळीच्या तासात एका अर्जामागे चाळीसच्या जागी तीन-चारच विनंत्या लागतील आणि ५,७०० चा आकडा पाचशेच्या आसपास येईल. यंत्रं तीच, पैसे तेवढेच. यावर कुणी म्हणेल की अशानं बोगस अर्ज वाढतील. एका रुपयाच्या विम्यात बोगस अर्ज निघाले, ते तर या तत्काळ पडताळणीच्या चाळणीतूनच आत आले होते. मध्यरात्री धापा टाकणाऱ्या साईटवर घाईनं झालेल्या तपासणीपेक्षा ऑगस्टमधल्या निवांत तपासणीत खोटा गट नंबर सापडण्याची शक्यता नक्कीच अधिक आहे.

अंदाज कितीही काळजीपूर्वक काढला तरी तो कागदावरचा असतो, म्हणून चाचणी हवी. अमेरिकेची आरोग्य विम्याची साईट १ ऑक्टोबर २०१३ ला उघडली तेव्हा एका वेळी पन्नास-साठ हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाख. पहिल्या दिवशी सहा जणांची नावनोंदणी पूर्ण झाली. चुकलेल्या अंदाजापेक्षा मोठी चूक म्हणजे काही शे लोकांच्या चाचणीतच ती साईट अडखळत होती आणि तरी ती ठरल्या दिवशी उघडली. शिवाय योजना नुसती पाहायलाही आधी खातं काढायची अट होती, म्हणजे अरुंद जागा थेट दारात आणून ठेवलेली. दुरुस्तीनंतर एका वेळी पन्नास हजार लोकांची क्षमता आली आणि जास्त झालेल्यांना सन्मानानं थांबवणारी रांगही आली. जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारचं असं झालं, हे आपल्यासाठी समाधान मानायचं कारण नाही. त्यांनी पुढच्या दोन महिन्यांत काय केलं ते पाहायचं. आपल्या पोर्टलनं निदान रांगेतला नंबर आणि अंदाजे वेळ दाखवली, तरी शिंदखेड्याहून वीस किलोमीटर परत जाणाऱ्या माणसाला थांबायचं की घरी जायचं ते कळेल.

अंदाज आणि चाचणी यांचा पहिला प्रयोग जळगावातच करण्यासारखा आहे. आंबिया बहारात केळीच्या हवामानावर आधारित विम्याची मुदत ३१ ऑक्टोबर असते, आणि २०२४ मध्ये याच तारखेला नरक चतुर्दशी होती. बँका, कार्यालयं, केंद्रं सणाच्या तयारीत आणि शेतकरी अभ्यंगस्नान उरकून रांगेत! पंचांग तर वर्षभर आधी छापून येतं. या विम्यातले शेतकरी मुख्यतः रावेर, यावल, चोपडा अशा मोजक्या तालुक्यांतले, क्षेत्र सातबाऱ्यावर आणि पीक पाहणीत नोंदलेलं, मागच्या वर्षांच्या अर्जांच्या वेळा पोर्टलवर शाबूत. खरिपाच्या कोटींच्या तुलनेत ही संख्या लहान आहे. ऑक्टोबर उजाडण्याआधी कृषी विभागानं तीन आकडे जाहीर करावेत: शेवटच्या दिवशीच्या सर्वांत गर्दीच्या तासात किती अर्ज येतील असा अंदाज आहे, त्याच्या किती पट भाराची चाचणी केली, आणि ती कोणत्या तारखेला झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याशेजारी चौथा आकडा छापावा, प्रत्यक्षात किती आले त्याचा.